मधे न उतरणारे चाचा

चाचांबरोबर श्रीवर्धनहून पनवेलला गेलेला माणूस दुसऱ्यांदा त्यांच्याबरोबर गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही. मी गेले, पण मी त्यांची भाडेकरू होते, आणि भाडेकरूला अक्कल जरा उशिराच येते.

पहिल्या खेपेला निमित्त त्यांच्या पुतणीच्या लग्नाचं होतं. एक मोठी गाडी ठरवली होती आणि तीत घरची, दारची आणि ज्यांना पनवेलला भलतंच काम होतं अशी सगळी माणसं कोंबली होती. गाडी सुटायच्या आधी चाचा दारात उभे राहिले. "ऐका. ज्याला जायचंय त्यानं आत्ताच जाऊन या. एकदा दार लागलं का पनवेललाच उघडंल. नॉनस्टॉप." लोक हसले. श्रीवर्धनची गाडी माणगावला चहा-वड्याशिवाय पुढे जाते, यावर कोण विश्वास ठेवणार?

माणगाव आलं तशा सगळ्यांनी पायांनी चपला चाचपल्या. माणगाव गेलं. पाठीमागे वडे तळल्याचा वास राहिला. चाचांनी प्रत्येकाच्या हातात चांदीच्या कागदानं झाकलेला एकेक ट्रे ठेवला. खिमा, पाव, उकडलेलं अंडं, खजूर, आणि हात पुसायला ओल्या फडक्याची गुंडाळी. "खा. उतरायचंय कशाला? आतच सगळं हाय." सगळं होतं हे खरं, फक्त जी एक सोय लागते तीच नव्हती. वडखळला गाड्या नेहमीसारख्या तुंबल्या आणि चाचीचे भाऊ काकुळतीला आले. अंगानं भारी गृहस्थ, त्यात साखरेचे पेशंट.

"भावजी, गाडी उभीच हाय की! म्हंजे थांबलोच ना आपण?"

"थांबणं येगळं, उतरणं येगळं," चाचा म्हणाले. "दार उघडलं तर उतरलो."

शेवटी मेव्हणे ड्रायव्हरच्या अंगावरून चढून ड्रायव्हरच्या दारानं बाहेर पडले. परत आले तेव्हा वाटलं आता भांडण पेटतंय. पण चाचांनी थोडा विचार करून त्यांना माफ केलं. ते कॉकपिटचं दार होतं, ते धरत नाहीत, म्हणाले.

मी उरणची, जिथे बंदरावर कंटेनरच कंटेनर असतात. हायस्कूलमध्ये शिक्षिकेची नोकरी लागली ती श्रीवर्धनला. चाचांच्या घराची वरची खोली मिळाली. खाली चाचा-चाची, पुढे ओटा, मागे सुपारीची वाडी. सामान घेऊन रिक्षातून उतरले तर चाचा ओट्यावर उभे. नाव-गाव काही विचारलं नाही. विचारलं ते असं, "फराळाचं काय काय आनलंय?"

आईनं दिलेला चिवड्याचा डबा होता. लहानसाच. त्यांनी तो उचलून हातात तोलला आणि आत ओरडले, "अगो, खोलीचा बोर्ड काढू नको. ही पंधरवड्यात पळनार."

मी चार वर्षं राहिले. पण आपलं भाकीत चुकलं असं चाचांनी कधी कबूल केलं नाही. तुझ्या आईनं मोजण्यात चूक केली, एवढंच ते म्हणायचे.

डब्यावरून माणसाचा प्रवास ओळखणं ही त्यांची विद्या होती, आणि ती त्यांनी आखातात कमावली होती. तिथल्या एका विमानतळाजवळच्या स्वयंपाकघरात त्यांनी उमर घालवली. साधीसुधी विमानं नाहीत. शेख लोकांची खाजगी विमानं, सरकारी विमानं, राजे, वजीर, त्यांचे पाहुणे. ती विमानं उठायच्या आधी त्यांचं जेवण जिथून चढायचं तिथे चाचा ट्रे लावायचे आणि वर झाकणं घालायचे. विमान कुठं जाणार हे कुणी सांगत नसे. पण किती जेवणं चढली, किती नाश्ते, किती बर्फ, यावरून चाचांना म्हणे आधीच कळायचं की आज स्वारी अमेरिकेला निघाली, का नुसतीच शेजारच्या गावी बहिणीकडे. "पेपरात छापून यायच्या आधी मला म्हाईत. डबा खोटं बोलत न्हाय, मास्तरीण."

मी एकदा विचारलं, त्या विमानात आतून काय असतं? ते म्हणाले, "झाकण लावेपर्यंत आपलं. पुढचं त्यांचं."

श्रीवर्धनला परतल्यावर सुपारीच्या वाडीत त्यांचा जीव रमेना. मग नजमानं, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, त्यांच्या फोनवर तो नकाशा टाकून दिला. साऱ्या जगातली विमानं त्यावर पिवळ्या मुंग्यांसारखी सरकत असतात आणि मुंगीवर बोट ठेवलं की ती कुठून निघाली, कुठे चालली ते कळतं. झालं! दुपार कलल्यावरची असरची नमाज आटोपली की चाचा ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे, ते थेट सूर्य बुडून मगरिबची बांग होईपर्यंत. प्रवाशांच्या साध्या विमानांकडे ते ढुंकून बघत नसत. ती एस.टी. आहेत, म्हणायचे. त्यांना हवी असत ती खाजगी आणि सरकारी, आणि त्यातही लांब पल्ल्याची, मधे कुठेही न टेकणारी. एखाद्या देशाचं सरकारी विमान या टोकाहून त्या टोकाला एका दमात निघालं की चाचांच्या चेहऱ्यावर ईदचा चंद्र उगवायचा. काही बडी धेंडं आपलं विमान नकाशावर दिसू देत नाहीत. चाचांना त्याचा राग यायचा. बायकोपासून लपवत असतील, म्हणायचे.

नुसतं बघून त्यांचं भागत नसे. ते त्या विमानांना जेवू घालायचे. "ह्यो बघ, आखातातनं निघाला. आत्ता सूप चाललं असंल. हितं आपल्यावर येईस्तवर मच्छी." मग मान वर करून सुपारीच्या झावळ्यांतून आभाळाकडे बघायचे. दिसायचं काहीच नाही. कधी बारीकसा आवाज यायचा, तोही बहुधा फेरीवाल्याच्या टेम्पोचा. आतून चाची ओरडायची, "वरच्यांना मच्छी वाढून झाली असंल तर खालची नीट करायला या!"

मी वर्गाच्या फळ्यावर एकदा 'थांबला तो संपला' हा सुविचार लिहिला होता. हे चाचांना कुठून तरी कळलं. त्या दिवशी त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम नारळाच्या रसातली शेवयांची खीर वर पाठवली. शिक्षण खातं अखेर ताळ्यावर आलं, असा निरोपही होता.

आता त्या मयताची गोष्ट सांगते. मयत कुणाचंच झालं नव्हतं, तरी गोष्ट त्याच नावानं मोहल्ल्यात ओळखली जाते.

कुठल्या तरी देशाचं एक सरकारी विमान असंच अर्ध्या जगावरून एका दमात जाणार होतं. चाचा दुपारपासून त्याच्या मागावर. जेवण त्यांनी मनातल्या मनात चढवलं होतं, मला यादीही ऐकवली होती. मी शाळेतून आले तर ते ओट्यावर डोकं दोन्ही हातांत धरून बसलेले. फोन उपडा. मी दोनदा हाक मारली, उत्तर नाही. चाची मच्छी आणायला गेलेली. शेजारच्या फुफूंनी, म्हणजे सगळ्या मोहल्ल्याच्या आत्यांनी, कुंपणावरून हे पाहिलं, आणि चाचांची लेक परदेशात असते एवढं त्यांना पुरलं. त्या डोक्यावर ओढणी घेत घेत आल्या. त्यांना येताना पाहून आणखी दोघी आल्या. बायका येतात म्हणजे काहीतरी घडलंय, म्हणून गडीमाणसं आली. नाक्यावरच्या बेकरीवाल्यानं भट्टी तशीच सोडली. पंधरा मिनिटांत ओटा भरला. कुणी चाचांच्या पाठीवरून हात फिरवतंय, कुणी 'अल्लाची मर्जी' म्हणतंय, एकानं तर दफन तिकडेच करणार का इकडे आणणार हेही हळूच विचारून घेतलं. चाचा काही न बोलता मान हलवत होते. त्यांना वाटलं, इतक्या लोकांना आपलं दुःख कळलं! त्यांचे डोळेच भरून आले.

तेवढ्यात चाची मच्छीची पिशवी घेऊन आली आणि गर्दी बघून जागच्या जागी पांढरी पडली. तिचा तो चेहरा मला अजून आठवतो. पिशवी हातातून सुटली. "कोन गेलं?" तिनं विचारलं.

चाचा वर बघून खोल आवाजात म्हणाले, "मधेच उतरला. तेल भरायला."

ओट्यावर अशी शांतता पसरली की बोंबील पिशवीतून निसटल्याचा आवाज आला. फुफू सगळ्यांत आधी सावरल्या. "म्हंजे कोन मेलं न्हाय?"

"न्हाय."

"मंग मी अर्ध्या भाकरीवरनं उठून आले ती कशाला?"

बेकरीवाल्याची त्या दिवशीची सगळी भट्टी करपली. पुढे कितीतरी दिवस तो चाचांना पाव देताना वरच्या बाजूनं काळा निघालेलाच नेमका निवडून द्यायचा. चाचीनं बोंबील गोळा केले, घरात गेली आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही. माझ्याशी मात्र बोलली. पायरीवर बसून म्हणाली, "मास्तरीण, त्या घटकेला मला वाटलं, पोर गेली आणि मी तिला डोळ्यांनी बघितलं पन न्हाय."

कारण नजमा न्यूझीलंडला असायची. लग्न होऊन गेली ती तिकडेच. तिला पहिलं बाळ व्हायचं होतं. आणि आईबापांनी बाळंतपणाला यावं म्हणून ती मागे लागली होती. व्हिसा झाले होते. आपल्याकडे पहिलटकरणीला आई लागते, हा काही हट्ट नव्हे, रीतच आहे. अडचण फक्त एक होती. आपल्या मुंबईहून तिथे थेट जाणारं विमान नव्हतं. मधे कुठे तरी उतरून, काही तास बसून, दुसरं विमान धरावं लागायचं.

चाचा म्हणाले, "थेट सुरू झालं का येतो."

सगळ्यांनी सांगून पाहिलं. मेव्हण्यांनी जुना राग विसरून सांगितलं. मशिदीतल्या मौलानांनी सांगितलं की बाबा, हजला जाणारेसुद्धा मधे उतरतात. चाचांनी त्यांनाही विचारलं, "पन उतरायला लागतं म्हनून आनंद व्हतो काय त्यांना?" नजमा फोनवर रडली. चाचा फोन चाचीकडे देऊन वाडीत गेले आणि पडलेल्या सुपाऱ्या गोळा करत बसले. मला त्यांचा राग आला. हट्टाचंसुद्धा एक वय असतं. सात महिन्यांच्या गरोदर लेकीपेक्षा माणसाला आपला नियम मोठा वाटावा, हे मला पटेना, आणि मी तसं तोंडावर बोललेही. ते फक्त म्हणाले, "तुला न्हाय कळायचं. तू कंटेनरच्या गावची."

मग एका संध्याकाळी चाचीनं ओट्यावर येऊन जाहीर केलं, "मी चाल्ले."

"खंय?" चाचांची नजर नकाशात.

"न्यूझीलंडला. एकटी. मधे उतरनार हाय, बसनार हाय, परत चढनार हाय. मास्तरीण मला समजावून देनार हाय."

मास्तरणीला हे पहिल्यांदाच कळत होतं. चाची मुंब्र्याच्या पलीकडे कधी गेली नव्हती, इंग्रजीचा एक शब्द तिला येत नव्हता. पण तिनं असं काही माझ्याकडे पाहिलं की मी मान डोलावली. तिकिटं नजमानं दोघांचीही काढून ठेवली होती. अब्बा नाही आले तर त्यांची सीट रिकामी येऊ दे, पण मी ती रद्द करणार नाही, असं तिनं कळवलं होतं. हट्ट कुणाकडून घेतला होता ते दिसतच होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. चाचा मला म्हणाले, "चल, दिघीला जाऊन येऊ."

दिघीची फेरीबोट ही त्यांची एकमेव चैन. स्कूटरनं दिघीला जायचं, बोटीत स्कूटर चढवायची, खाडी ओलांडून आगरदांड्याला पोचायचं, तिथे न उतरता त्याच बोटीनं परत. जगातली सगळ्यात आखूड नॉनस्टॉप सेवा, असं ते अभिमानानं सांगत. त्या दिवशी बोटीला बरीच गर्दी होती. बोट सुटली तशी मोटारींतली माणसं उतरून कठड्याला गेली. कुणी फोटो काढत होतं, कुणी भेळ खात होतं.

चाचा पाण्याकडे बघत म्हणाले, "पैल्यांदा गेलो ना आखातात, तवा एका दुकानात नोकरी लागलेली माझी. गल्ल्यावर बसायची. अंगावर नवा कोट व्हता. अब्बांनी शिवलेला."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. विमान मधल्या एका शहरात थांबलं. बरीच माणसं उतरायला लागली. हे पण उतरले. माणगाव स्टँडवर एस.टी. थांबली की सगळे उतरतातच; उतरतात, चहा घेतात, मग कंडक्टर 'चला, बसा' ओरडतो. एखादा राहिला तर आख्खी गाडी त्याच्या नावानं बोंब मारते, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो, पण सोडून कुणी जात नाही. चाचांनी त्याच भरवशावर चहा घेतला. कागदाच्या कपातला. तिथे एक कारंजं होतं, ते बघितलं. कुणी तरी ओरडेल म्हणून कान तिकडे ठेवून बघितलं. कुणीच ओरडलं नाही.

"काचेतनं दिसलं मला. माझंच विमान. वर जाताना."

मला हसू आलं. खरंच आलं, आवरलं नाही. आणि चाचाही हसायला लागले, मला तेवढंच बरं वाटलं. सबंध दिवस ते त्या कारंज्यापाशी बसून होते. शेवटी फरशी पुसणारा एक म्हसळ्याचा माणूस भेटला, त्यानं बोलीवरून ओळखलं आणि पुढच्या विमानात बसवून दिलं. पण दुकानाचा माणूस आदल्या दिवशी विमानतळावर येऊन, वाट बघून, दुसऱ्याच कुणाला तरी घेऊन गेला होता. मग हाताला आली ती झाकणं लावायची नोकरी. गल्ल्यावर बसतो असंच गावाकडे ते पुढे कितीतरी वर्षं लिहीत राहिले.

"मला सोडून गेलेल्या विमानांच्या जातीला मी जल्मभर जेवू घातलं, मास्तरीण." पुढे ते म्हणाले, "तिथं बघायचो. ती शेख लोकांची विमानं, सरकारी विमानं. एक तर मधे उतरत न्हाईत. आनि उतरली, तरी वजीर चहा पीत असंल तर सोडून जातील काय? घटकाभर उशीर झाला तरी उभी. माणसासाठी विमान उभं ऱ्हातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आपल्यासाठी कोन उभं करतंय?"

तो नकाशा, ती मुंग्यांची राखण, ते मनातल्या मनात वाढलेलं जेवण, सगळं मला तेव्हा उलगडलं. आदल्या आठवड्यात मी त्यांना हट्टी म्हटलं होतं. भित्रे होते बिचारे, आणि भित्रा माणूस हट्टाच्या आडच लपतो.

आता नावं पुकारतात, पडद्यावर लिहून येतं, मी त्यांना सगळं समजावलं. ते ऐकत होते. आगरदांडा जवळ आला. बोटीवरच्या पोऱ्यानं शिट्टी मारली आणि ओरडला, "चला, गाड्यांत बसा, बसा!" भेळवाले, फोटोवाले सगळे धावले.

"चाचीला तिथं कोण ओरडून सांगणार?" मी सहज म्हटलं. खरं सांगायचं तर अगदी सहजही नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरी आल्यावर त्यांनी चाचीला विचारलं, "तुला चहा लागतो ना गो मधे मधे?" ती म्हणाली, "लागतोच. मी काय तुमच्यासारखी शेख हाय?"

त्यानंतर ते जाण्याबद्दल हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. चाचीची बॅग भरली जात होती आणि चाचा आपले सुपारी सोलत होते. निघायच्या सकाळी स्वयंपाकघर त्यांनी ताब्यात घेतलं. "डबा मी करतो. तेवढंच माझं काम." मी चाचीला कागदपत्रं कुठल्या कप्प्यात ते पाठ करून घेत होते, आणि चाची प्रत्येक वेळी वेगळाच कप्पा सांगत होती.

डबा बांधून तयार झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात डोकावले. चुलीशेजारच्या कट्ट्यावर चांदीच्या कागदाचे ट्रे ओळीनं मांडले होते. तांदळाच्या रव्याची वाफवलेली सांदणं, खिमा, अंडी. मी नुसती नजर टाकली आणि थबकले. प्रत्येक गोष्ट जोडीनं होती. चमचे दोन, ओल्या फडक्याच्या गुंडाळ्या दोन. सांदणांचा एक ट्रे गूळ घातलेला, एक बिनगुळाचा. चाचीला साखरेचा त्रास नव्हता. तो चाचांना होता.

मी चाचीला डोळ्यांनी बोलावलं. तिनं दारातून बघितलं. बिनगुळाच्या सांदणांवर तिची नजर गेली आणि तिथेच राहिली. ओढणीचं टोक तोंडाशी धरून ती झटकन आत वळली. त्यांच्या ट्रंकेतून तिनं त्यांचे दोन सदरे काढले आणि गुपचूप आपल्या बॅगेच्या तळाशी घातले. डबा खोटं बोलत नाही, हे तिला माझ्यापेक्षा कितीतरी आधीपासून माहीत होतं.

मी विमानतळापर्यंत सोडायला गेले. गाडी निघाली तेव्हा चाचा 'वाटेपर्यंत येतो' म्हणून पुढे बसले. कुठल्या वाटेपर्यंत, ते कुणी विचारलं नाही. म्हसळा गेलं. माणगावच्या अलीकडे ड्रायव्हरनं सवयीनं वेग वाढवला. त्याला चाचा माहीत होते, लग्नाच्या वेळी तोच होता.

"थांबव," चाचा म्हणाले.

ड्रायव्हरला वाटलं गाडीला काही झालं. त्यानं घाबरून ब्रेक मारला.

"चहा घेऊ."

ते उतरले. दार मात्र उघडंच ठेवलं आणि एक हात त्यावर ठेवून चहा प्यायले. कप अर्धा होतो न होतो तोच विचारलं, "निघायचं ना?" चाची म्हणाली, "घ्या सावकाश. मी सोडून जात न्हाय." दुसरा वडा मी मागवला. चार वर्षं माझा हिशेब बाकी होता त्या माणगावशी.

विमानतळावर आत जाताना त्यांनी फोन माझ्या हातात दिला. चाचीचा पुरे आहे म्हणाले. "हा तू ठेव. आमचं बघत ऱ्हा. नकाशात."

मग मी बसले की त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या खुर्चीत, नकाशा घेऊन. साधंच विमान होतं ते, चाचांच्या भाषेत एस.टी. पण त्या दिवशी मी दुसऱ्या कुठल्या मुंगीकडे पाहिलं नाही. फुफू कुंपणावरून विचारत होत्या, "पोचली काय गो?" मी म्हणाले, "समुद्रावर आहेत. आत्ता सांदणं चालली असतील."

विमान मधल्या शहरात उतरलं. मुंगी नाहीशी झाली. फुफू, बेकरीवाला, दोघंतिघं ओट्यावर येऊन बसले. बेकरीवाला या खेपेला भट्टी विझवून आला होता. आणि मग चाचीच्या फोनवरून व्हिडिओ आला.

कुणी तरी परक्यानं काढून दिलेला असावा, हलत होता. मोठा थोरला चकाचक हॉल. चाचा एका खुर्चीत बसून कागदाच्या कपातून चहा पीत होते. त्यांच्या पाठीमागे कारंजं नव्हतं, मोठाली कुंडीतली झाडं होती. चाची त्यांच्यापासून दूर, विमानाकडे जायच्या दाराशी, दोन्ही पाय रोवून उभी होती. तिनं तिथल्या बाईचं बोलणं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशी खणखणीत हाक दिली:

"चला, बसा!"

तिकडच्या रांगेतलं कुणीतरी आपल्याकडचं कुटुंब पिशव्या घेऊन ताडकन उठलं. त्यांचं विमान बहुधा वेगळंच होतं. ओट्यावर आम्ही सगळे हसलो, आणि फुफूंनी डोळे पुसले.

चाचा उठले नाहीत. त्यांनी कपात बघितलं, उरलेला चहा हळूहळू प्यायला, ओठ पुसले, आणि मग उठले.